जुन्या मारुतीच्या स्प्रिंगा बदलताना : उंची आणि चाल यांचा हिशेब



मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये प्रथम रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तरीही आपल्या बेळगावच्या गल्ल्यांतून ती अजून अधूनमधून दिसते. पुष्कळ घरांत ती वडिलांनी घेतलेली पहिली मोटार असते. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, लायसन्स हाती आले, की हीच गाडी त्यांच्याकडे येते. मग पहिला विचार मनात येतो तो गाडी थोडी ‘खाली’ करण्याचा. खाली बसलेली गाडी रुबाबदार दिसते, वळणावर कमी कलते असे ऐकलेले असते, आणि जुन्या स्प्रिंगा तशाही बदलायच्याच असतात.

अशा वेळी तीन मार्ग समोर येतात. पहिला, मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घालणे. दुसरा, गाडी खाली बसवण्यासाठी खास बनवलेल्या आखूड स्प्रिंगा आणणे. तिसरा, आहे त्याच स्प्रिंगचे एखादे वेटोळे ग्राइंडरने कापून टाकणे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट. म्हणूनच तो सर्वांत जास्त वापरला जातो, आणि सर्वांत धोक्याचाही तोच आहे. तो का, हे नववी-दहावीच्या गणिताने नीट समजते. या लेखात तेवढेच गणित वापरून स्प्रिंग कशी निवडावी ते पाहू.

स्प्रिंगचे काम काय?

मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याचे नाव या रचनेला मिळाले आहे. यात शॉक ॲब्झॉर्बर (आपले मिस्त्री त्याला ‘शॉकअप’ म्हणतात) उभा असतो आणि त्याच्याभोवती गुंडाळी स्प्रिंग बसवलेली असते. १९८६ पासूनच्या नव्या आकाराच्या गाडीत मागच्या चाकांनाही गुंडाळी स्प्रिंगाच आहेत. त्याआधीच्या पहिल्या नमुन्यात मागे कमानपाटे होते. पद्मिनीला पुढे गुंडाळी स्प्रिंग आणि मागे कमानपाटे असत. त्यामुळे आपली गाडी नेमकी कोणत्या घडणीची आहे हे आधी खाली वाकून पाहावे.

स्प्रिंगची कामे दोन. एक, गाडीचे वजन पेलून ती ठरलेल्या उंचीवर धरणे. दोन, चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले तर चाकाला वरखाली जाऊ देणे आणि तो धक्का आतल्या माणसांपर्यंत पोचू न देणे. शॉक ॲब्झॉर्बरचे काम वेगळे आहे. तो वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी तो शमवतो.

चाकाला वर जाण्यासाठी जेवढी मोकळी जागा असते तिला आपण ‘चाल’ म्हणू. चाल संपली की रबराचा अडथळा लागतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात. तो लागला की ‘धाड’ असा आवाज येतो, आणि त्या क्षणी त्या चाकापुरते सस्पेन्शन संपलेले असते.

या लेखातील मुख्य गोष्ट एका वाक्यात सांगता येते : गाडी जितके मिलिमीटर खाली आणाल तितके मिलिमीटर चाल कमी होते. उंची कमी केल्याची किंमत चालीत मोजावी लागते.

हूकचा नियम गाडीखाली

इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही पुस्तकात वाचला असेल. स्प्रिंगवर जितके बल लावावे तितक्या प्रमाणात ती दबते किंवा ताणली जाते. एक मिलिमीटर दाबायला किती न्यूटन बल लागते यालाच स्प्रिंगचा कडकपणा म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, कंपनीच्या पुस्तकातले नाहीत. पण लहान गाडीसाठी ते वास्तवाला धरून आहेत. समजा पुढच्या एका स्प्रिंगवर १७० किलो वजन येते, म्हणजे सुमारे १६७० न्यूटन बल. स्प्रिंगचा कडकपणा १५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. तर गाडी उभी असताना स्प्रिंग १६७० भागिले १५, म्हणजे सुमारे १११ मिमी दबलेली असेल. मोकळी स्प्रिंग ३०० मिमी लांब असेल, तर गाडीखाली तिची उंची १८९ मिमी राहील. समजा इथून चाकाला वर जायला ८० मिमी चाल आहे आणि खाली लोंबकळायलाही ८० मिमी.

आता हा कडकपणा कशावर ठरतो? पोलादाचा गुणधर्म जवळजवळ सारखाच असतो, तेव्हा तीन मापे उरतात : तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेटोळ्यांची संख्या. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. वेटोळ्याच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात तो कमी होतो, आणि वेटोळ्यांच्या संख्येच्या प्रमाणातही कमी होतो. १० मिमी जाड तार, ११० मिमी व्यास आणि ५ वेटोळी घेतली की आपला १५ चा आकडा मिळतो.

चौथा घात ही साधी गोष्ट नव्हे. तार १० ऐवजी १०.७५ मिमी जाड केली, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटरने वाढवली, तर कडकपणा १५ वरून २० वर जातो. म्हणून दुकानात दोन स्प्रिंगा शेजारी ठेवून ‘सारख्याच दिसतात’ असे म्हणण्याला अर्थ नाही. तारेची जाडी कॅलिपरने मोजली पाहिजे.

जुनी स्प्रिंग खरेच बिघडली आहे का?

पुष्कळ वर्षे वापरलेली स्प्रिंग ‘बसते’, म्हणजे तिची मोकळी लांबी कायमची कमी होते. मात्र बसलेली स्प्रिंग नरम झालेली असतेच असे नाही. पोलादाचा गुणधर्म आणि वरची तिन्ही मापे तीच असतील तर कडकपणाही तोच राहतो. फक्त उंची घटते, आणि उंचीबरोबर चाल. जुनी गाडी खड्ड्यात आपटते त्याचे एक कारण हेच असते. मालकाला वाटते की स्प्रिंग मऊ झाली. प्रत्यक्षात गाडी आधीच खाली आलेली असते.

गंज लागला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १० मिमीची तार गंजून ९.५ मिमी उरली तर चौथ्या घाताच्या नियमाने कडकपणा जवळजवळ १८ टक्क्यांनी घटतो, आणि पोलादावरचा ताण सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. गंजाचा खोल खड्डा पडला असेल तर तिथूनच तडा सुरू होतो. आपल्याकडचा पावसाळा आणि बैठकीत साठणारा चिखल पाहता, स्प्रिंगचे सर्वांत खालचे वेटोळे आधी तपासावे. तिथे खोल गंज किंवा तडा दिसला तर उंची कितीही बरोबर असली तरी स्प्रिंग बदलावी.

उंची मोजण्याची पद्धत अशी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. टायरमध्ये ठरलेली हवा भरावी. गाडी थोडी पुढेमागे ढकलून चारही कोपरे हाताने दाबून सोडावेत. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचे उभे अंतर चारही ठिकाणी मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा यांमुळे आकडा बदलतो. डावा आणि उजवा यांत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग, वरचे रबरी माउंटिंग आणि बुश हे सर्व तपासावे. कित्येकदा दोष स्प्रिंगचा नसून पिचलेल्या रबराचा असतो.

वेटोळे कापले तर काय होते?

आता स्वस्त मार्गाचा हिशेब करू. आपल्या उदाहरणातील पाच वेटोळ्यांपैकी एक कापले. वेटोळी चार उरली, म्हणून कडकपणा १५ वरून सुमारे १८.७५ झाला. एका वेटोळ्याबरोबर ५५ मिमी लांबी गेली असे धरू. मोकळी स्प्रिंग २४५ मिमी राहिली. १६७० न्यूटन वजनाखाली ती ८९ मिमी दबेल आणि तिची उंची १५६ मिमी होईल. आधी ती १८९ होती. म्हणजे गाडी ३३ मिमी खाली आली. दिसायला छान!

पण वर जाण्याची चाल ८० वरून ४७ मिमी झाली. धक्क्याची ऊर्जा शोषून घेण्याची स्प्रिंगची क्षमता कडकपणा गुणिले चालीचा वर्ग, याच्या प्रमाणात असते. तेवढाच धक्का आता ४७ मिमीत झेलायचा तर कडकपणा (८० भागिले ४७) याच्या वर्गाइतका, म्हणजे जवळजवळ २.९ पट हवा. कापल्याने तो वाढला फक्त सव्वा पट. म्हणजे जो खड्डा पूर्वी आतल्या माणसाला जाणवून संपत होता, तोच आता बंप स्टॉपवर धाडकन आपटणार. सरळ रस्त्यावर हे फक्त त्रासाचे आहे. चोर्ला घाटाच्या वळणावर बाहेरचे चाक आधीच दबलेले असते. तिथे बंप स्टॉप लागला तर टायरवरचा भार एकदम उसळतो आणि पकड सुटू शकते.

दुसरा धोका याहून मोठा आहे. चाक खड्ड्यात लोंबकळते तेव्हा स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बैठकीतील अंतर १८९ अधिक ८०, म्हणजे २६९ मिमी होते. मूळ ३०० मिमीची स्प्रिंग तिथेही ३१ मिमी दबलेली राहते, म्हणून ती जागा सोडत नाही. कापलेली स्प्रिंग मात्र २४५ मिमीच आहे. म्हणजे २४ मिमी मोकळी जागा राहते आणि स्प्रिंग बैठकीत सैल होते. चाक परत वर येताना ती बैठकीत नीट बसेलच असे नाही. कापलेले टोक बैठकीच्या खाचेत जुळत नाही हे वेगळेच. जागा सोडून वाकडी बसलेली स्प्रिंग टायरला घासू शकते किंवा शॉक ॲब्झॉर्बरचा दांडा वाकवू शकते.

गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवणे हा तर याहून वाईट प्रकार. स्प्रिंगच्या पोलादाला कठीणपणा आणि लवचीकपणा येतो तो काळजीपूर्वक दिलेल्या पाण्यामुळे. ज्योतीने ते पाणी उतरते. स्प्रिंग त्या जागी मऊ पडते आणि पुढे बसत जाते किंवा तुटते. उद्यमबागेत काम करणारे पालक हे आमच्यापेक्षा चांगले जाणतात.

खास बनवलेली आखूड स्प्रिंग

मग तयार मिळणारी आखूड स्प्रिंग घेतली तर? ती नक्कीच बरी, पण तिलाही हाच हिशेब लागू आहे. समजा आपण गाडी २० मिमी खाली आणतो. चाल ८० वरून ६० झाली. मूळ धक्का झेलण्याची क्षमता राखायची तर कडकपणा १.७८ पट, म्हणजे सुमारे २६.७ हवा.

इतकी कडक स्प्रिंग कशी वाटेल? स्प्रिंगवर गाडी एका सेकंदात किती वेळा वरखाली डुलते यावरून प्रवासाचा सुखदपणा ठरतो. साधारण कौटुंबिक गाडीत हा आकडा सेकंदाला एक ते दीड असतो. आपल्या १५ च्या स्प्रिंगवर तो सुमारे १.५ येतो. २० वर तो १.७ होतो आणि २६.७ वर २. दोनच्या घरातली गाडी शर्यतीच्या रस्त्यावर शोभते. आजी-आजोबांना दवाखान्यात नेताना ती नको वाटते. म्हणून स्प्रिंग बनवणारे मधला मार्ग काढतात : कडकपणा थोडा वाढवतात आणि क्षमता थोडी गमावतात. आपल्याला किती गमावणे परवडेल हे रस्ता पाहून ठरवायचे.

सैल पडण्याचा प्रश्न इथेही येतो. २० न्यूटनच्या स्प्रिंगने गाडी २० मिमी खाली आणायची तर गाडीखाली तिची उंची १६९ आणि मोकळी लांबी सुमारे २५२ मिमी येते. बैठकीतील अंतर मात्र २६९. यावर चांगले उत्पादक दोन उपाय करतात. एक, स्प्रिंगच्या एका टोकाला जवळजवळ गुंडाळलेली मऊ वेटोळी ठेवणे. ती वजनाखाली मिटून जातात आणि चाक लोंबकळताना उघडून जागा भरून काढतात. दोन, लोंबकळण्याची चाल कमी असलेला जोडीचा शॉक ॲब्झॉर्बर देणे. स्प्रिंग घेताना यांपैकी कोणता उपाय केला आहे हे जरूर विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ती स्प्रिंग घेऊ नये.

मागच्या स्प्रिंगांचे वेगळे गणित

लहान गाडीत पुढे इंजिन असते, म्हणून रिकाम्या गाडीचे मागचे वजन कमी असते. पण मागे माणसे बसली की मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर ७५ किलो सहज वाढतात. १५ न्यूटनची स्प्रिंग धरली तर गाडी मागून ४९ मिमी बसते. म्हणजे मागच्या चालीतला मोठा भाग घरची माणसेच वापरून टाकतात. तिथे आणखी २५ मिमी कमी केले तर खड्ड्यासाठी फारच थोडे उरते. तरुण मुलगा एकटा गाडी चालवून पाहतो तेव्हा सगळे ठीक वाटते. दिवाळीला सहकुटुंब गावी जाताना मात्र गाडी पदोपदी आपटते. म्हणून चाचणी नेहमी भरलेल्या गाडीने घ्यावी.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचे नातेही सांभाळावे लागते. मारुती ८०० च्या पुढच्या-मागच्या चाकांत २१७५ मिमी अंतर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने पुढचे चाक उंचवट्यावर गेल्यानंतर मागचे चाक ०.१३ सेकंदाने तिथे पोचते. मागचा भाग पुढच्यापेक्षा किंचित जलद डुलला तर तो पुढच्याला गाठतो आणि गाडी लवकर समतोल होते. मॉरिस ऑली या अभियंत्याने हे १९३० च्या दशकात दाखवून दिले. केवळ पुढच्या स्प्रिंगा कडक केल्या तर हे नाते उलटते आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे झुलू लागते.

गतिरोधकाचा प्रश्न

कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे मारुती ८०० चे पोट जमिनीपासून १७० मिमी उंच असते. माणसे बसल्यावर मध्यभागी ते ४० मिमी तरी खाली येईल, म्हणजे १३० उरतात. गाडी ३० मिमी खाली आणली असेल तर १०० उरतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाचे माप दिले होते : उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर आणि वक्राची त्रिज्या १७ मीटर. गाड्यांनी तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा होती. या मापाच्या गतिरोधकावर मारुतीची चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात. भूमितीने काढले तर मधला फुगवटा चाकांच्या पातळीच्या वर फक्त ३५ मिमी येतो. (चाकांतील अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट, हे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध करून पाहावे.) म्हणजे खाली आणलेली गाडीही त्यावरून सुखरूप जाते.

पण गल्लीतले गतिरोधक पुष्कळदा हातभर रुंदीचे असतात. तिथे पुढची चाके उतरलेली आणि मागची चढायची असतात, तेव्हा १०० मिमीचा पूर्ण उंचवटा पोटाखाली येतो. वरच्या हिशेबात तेवढीच जागा उरली आहे. सायलेन्सर घासणारच. शाळेच्या, मंदिराच्या किंवा सोसायटीच्या फाटकासमोर गतिरोधक करून घेणाऱ्या विश्वस्तांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा. रुंद आणि गोलसर गतिरोधक वेग कमी करतो. अरुंद आणि उंच गतिरोधक गाड्या फोडतो आणि पाठीच्या मणक्यांना दणका देतो.

फायदा किती?

न्यायाने फायदाही मोजला पाहिजे. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिमीवर धरला आणि गाडी २५ मिमी खाली आणली तर हा भार फक्त ५ टक्क्यांनी कमी होतो. कडक स्प्रिंगमुळे गाडी कमी कलते हे खरे. पण मॅकफर्सन रचनेत गाडी फार खाली आणली की खालचा आर्म चाकाच्या बाजूला वर चढतो, आणि त्यामुळे गाडी कलण्याची प्रवृत्ती उलट वाढते. म्हणजे थोडे खाली आणण्याचा थोडा फायदा आहे. जास्त खाली आणल्याने तो जास्त होत नाही.

उंची बदलली की चाकांची ठेवणही बदलते. अलाइनमेंट केले नाही तर टायर एका बाजूने झिजतात. हेडलाइटचा झोत वरखाली होतो. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह मागच्या ॲक्सलला जोडलेला असतो. मागची उंची घटली की त्याला गाडी भरलेली वाटते आणि मागचे ब्रेक गरजेपेक्षा जोरात लागतात.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा ठरेल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाह्य फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. मूळ मापाची स्प्रिंग बदलण्यात काहीच अडचण नाही. उंची बदलायची असेल तर आधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडीची तपासणी होते, हेही जुन्या गाडीच्या मालकाने विसरू नये.

निवड करताना

आतापर्यंतच्या हिशेबाचे सार असे :

१. आधी चारही कोपऱ्यांची उंची मोजा, गंज पाहा, रबरी भाग तपासा. गरज नसेल तर स्प्रिंग बदलू नका.

२. स्प्रिंग मागताना केवळ ‘किती इंच खाली’ असे विचारू नका. मोकळी लांबी, तारेची जाडी आणि कडकपणा हे तीन आकडे विचारा. गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगा.

३. खड्डे आणि गतिरोधक यांचा रस्ता असेल, गाडीत सहकुटुंब प्रवास होत असेल, तर मूळ मापाचीच स्प्रिंग घ्या. बसलेल्या गाडीला नवी मूळ स्प्रिंग घातली की हरवलेली चाल परत मिळते, आणि गाडी पुन्हा नवी वाटते.

४. परवानगीने खाली आणायचीच असेल तर पुढे १५ ते २० मिमीपलीकडे जाऊ नका आणि मागे त्याहून कमी ठेवा. चाक पूर्ण लोंबकळवून स्प्रिंग बैठकीत घट्ट राहते का ते जॅकवर पाहा.

५. स्प्रिंगा डाव्या-उजव्या जोडीनेच बदला. शॉक ॲब्झॉर्बर गळका किंवा ढिला असेल तर तोही बदला. कडक स्प्रिंगला ढिला शॉकअप आवरत नाही.

६. नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइट तपासून घ्या.

७. स्ट्रटची स्प्रिंग घरी उघडू नका. १२० मिमी दाबलेल्या आपल्या उदाहरणातील स्प्रिंगमध्ये ११ किलोचा दगड एक मीटरवरून पडावा इतकी ऊर्जा साठलेली असते. योग्य कॉम्प्रेसर असलेल्या कारागिराकडूनच हे काम करून घ्या.

८. मुलांना शाळेत आणणारी गाडी कोणत्याही कारणाने खाली बसवू नका आणि तिची स्प्रिंग कधीही कापू नका.

प्रयोगशाळेत करून पाहा

दोन सारख्या मऊ स्प्रिंगा घ्या. पहिलीला १०० ग्रॅमचे वजन टांगून ती किती ताणली जाते ते मोजा. मग २०० आणि ३०० ग्रॅम टांगून आलेख काढा. दुसरी स्प्रिंग बरोबर अर्धी कापा आणि तीच वजने टांगा. ती निम्मीच ताणली जाईल, म्हणजे कडकपणा दुप्पट झाला असेल. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. गॅरेजमध्ये वेटोळे कापताना नेमके काय घडते ते त्या दोन रेषांत दिसेल, आणि पुढे कधी कोणी ‘एक वेटोळे उडवू या’ म्हणाले तर त्याला काय सांगायचे हेही कळेल.